पेपर क्रोमॅटोग्राफी नीट कशी करावी: अमिनो आम्लांच्या प्रॅक्टिकलसाठी सविस्तर मार्गदर्शन

पेपर क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे मिश्रणातले पदार्थ कागदावर वेगळे करण्याचं, प्रॅक्टिकल बिघडलं की दोष सॉल्व्हंटवर जातो, निनहायड्रिनवर (अमिनो आम्लांना रंग आणणारं रसायन) जातो, नाहीतर ओव्हनवर. बीएस्सीच्या बॅच घेताना मला मात्र वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत आली आहे: कागद जारमध्ये जाण्याआधीच बराचसा निकाल लागलेला असतो. कागद हातात कसा धरला, स्पॉट (नमुन्याचा ठिपका) केवढा दिला, जार किती वेळ बंद ठेवला, यावर सगळं ठरतं. म्हणून या लेखात त्या आधीच्या तासा-दीड तासाबद्दल जास्त लिहिलं आहे. उदाहरण म्हणून अमिनो आम्लं, व्हॉटमन नंबर १ कागद आणि ब्युटेनॉल-ॲसेटिक ॲसिड-पाणी हे सॉल्व्हंट घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत हेच होतं.

कागदावर नेमकं काय घडतं

ही पद्धत लोकरीच्या संशोधनातून आली. इंग्लंडमध्ये लीड्सला लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करण्याच्या मागे होते. १९४१ मध्ये त्यांनी पार्टिशन क्रोमॅटोग्राफी मांडली, तेव्हा पाणी धरून ठेवायला सिलिका जेल वापरलं होतं. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी सिलिकाच्या जागी साधा फिल्टर पेपर घेतला आणि काम कितीतरी सोपं झालं. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम शोधताना फ्रेडरिक सँगर यांनीही याच कागदाची मदत घेतली.

हा इतिहास सांगायचं कारण असं की इथे कागदापेक्षा कागदाने धरून ठेवलेलं पाणी महत्त्वाचं आहे. सेल्युलोजच्या धाग्यांवरचे हायड्रॉक्सिल गट पाण्याचा पातळ थर पकडून ठेवतात. वर चढणारं सॉल्व्हंट आणि हा पाण्याचा थर यांच्यामध्ये अमिनो आम्लाची वाटणी होत राहते. पाण्यात रमणारं लायसिन मागे रेंगाळतं, ब्युटेनॉलमध्ये सहज जाणारं ल्युसिन पुढे पळतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की कागद दमट असला, जार उघडा राहिला किंवा खोली तापली तर आकडे का हलतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कागद

माझ्या शिकण्याच्या दिवसांतली गोष्ट. ओव्हनमधून कागद काढला, चार स्पॉट हवे तिथे होते, आणि उजव्या कडेपासून दोन बोटं आत अंगठ्याचा पूर्ण ठसा उमटला होता. जांभळा आणि इतका स्पष्ट की रेषा मोजता आल्या असत्या. घामात अमिनो आम्लं असतात, निनहायड्रिन त्यांना सोडत नाही. त्या दिवसापासून मी कागद फक्त वरच्या कडेने धरते, तोही हातमोजे घालून. मोजे नायट्राइलचे आणि बिनपावडरचे असावेत. मोजे घालून मोबाइल उचलला, केस मागे सारले की ते मोजे बदलायचे, कारण त्यांनाही घाम आणि तेल लागलेलं असतं.

टेबलावर आधी एक स्वच्छ फिल्टर पेपर अंथरा आणि त्यावर काम करा. उघड्या टेबलावर, वर्तमानपत्रावर किंवा जर्नलच्या पानावर कागद ठेवू नका.

कागदाला दिशा असते, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. कागद यंत्रावर बनताना धागे एका बाजूला जास्त झुकतात आणि त्या दिशेने सॉल्व्हंट वेगाने धावतं. दिशा ओळखायला कागदाच्या एका कोपऱ्याच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. ओल पूर्ण गोल पसरत नाही, किंचित लांबट होते. ज्या बाजूला लांबट झाली ती यंत्राची दिशा. सगळ्या बॅचचे कागद एकाच दिशेने कापा, नाहीतर शेजारच्या दोन विद्यार्थ्यांचे आकडे विनाकारण वेगळे येतील.

कापताना धारदार कटर आणि स्टीलची पट्टी वापरा. कात्रीने कडा वाकडीतिकडी झाली तर सॉल्व्हंटही वाकडंच चढतं. खालच्या कडेपासून २ सेंमीवर पेन्सिलने हलकी आधाररेषा आखा. इतकी दाबू नका की कागदावर चर पडेल. पेन अजिबात नको, कारण शाईतले रंग सॉल्व्हंटबरोबर वर चढतात आणि आपण मांडलेल्या प्रयोगात त्यांचाच दुसरा प्रयोग सुरू होतो. स्पॉटच्या जागा एकमेकींपासून २ सेंमी आणि दोन्ही बाजूंच्या कडांपासून किमान २ सेंमी दूर ठेवा. कडेला सॉल्व्हंटचा प्रवाह वेगळा वागतो, तिथला स्पॉट तिरका सरकतो. नावं मात्र वरच्या टोकाला, पेन्सिलनेच लिहा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे कागद हाताला दमट लागतो. उघडं पाकीट कपाटात तसंच ठेवू नका, घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. शिवाय अमोनियाच्या बाटलीजवळ हा कागद कधीही ठेवायचा नाही. निनहायड्रिन अमोनियाशीही रंग देतं, आणि मग सगळी पार्श्वभूमी जांभळट येते.

नमुने

प्रत्येक अमिनो आम्लाचं १ मिलीला १ मिग्रॅ असं द्रावण पुरतं. ते १० टक्के आयसोप्रोपेनॉलमध्ये केलं तर बुरशी धरत नाही. टायरोसिन आणि सिस्टीन पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यांना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब लागतात. बाटलीवर नाव, प्रमाण आणि केल्याची तारीख हवीच. अज्ञात नमुन्यात मीठ जास्त असेल, उदाहरणार्थ प्रथिनाचं जलअपघटन करून नंतर आम्ल उदासीन केलेलं असेल, तर डाग शेपटीसारखे ताणले जातात. असा नमुना आधी मीठमुक्त करून घ्यावा लागतो.

सॉल्व्हंट आणि जार

पुस्तकांत बहुधा ४:१:५ प्रमाण दिलेलं असतं. ते मिश्रण वेगळं करणाऱ्या फनेलमध्ये हलवून स्थिर होऊ द्यायचं आणि वरचा थर वापरायचा. पद्धत चांगली आहे, पण विद्यार्थ्यांच्या बॅचसाठी मी १२:३:५ हे एकाच थराचं मिश्रण पसंत करते. १०० मिलीसाठी ६० मिली एन-ब्युटेनॉल, १५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी. यात चुकीचा थर घेण्याचा प्रश्नच येत नाही आणि तापमान थोडं घसरलं तरी मिश्रण गढूळ होऊन फुटत नाही. फ्यूम हूडखाली (वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात), चष्मा लावून मोजा. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड कातडी भाजतं आणि ब्युटेनॉलच्या वाफेने डोकं दुखतं.

मिश्रण त्याच दिवशी करा. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र राहिले की हळूहळू एस्टर तयार होतो, जुन्या बाटलीला फळासारखा गोडसर वास येतो तो त्याचाच. त्या बाटलीतलं प्रमाण आता १२:३:५ राहिलेलं नाही.

आता जार. कोरड्या, स्वच्छ जारमध्ये सॉल्व्हंट एक सेंटीमीटरपेक्षा थोडं कमी उंचीचं घाला. आधाररेषा २ सेंमीवर आहे, ती कधीही बुडता कामा नये. आतल्या भिंतीला तीन बाजूंनी फिल्टर पेपर लावा आणि तो सॉल्व्हंटने पूर्ण भिजू द्या. झाकणाच्या कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवा, झाकण लावा आणि निदान ४५ मिनिटं तसंच ठेवा. जार वाफेने भरलेला नसेल तर चढणारं सॉल्व्हंट कागदावरूनच उडत राहतं. मग फ्रंट, म्हणजे कागदावर सॉल्व्हंट जिथवर चढलं ती कड, मागे पडतो, तेवढीच उंची गाठायला कागदातून जास्त सॉल्व्हंट जातं आणि आरएफ (डागाने कापलेलं अंतर भागिले फ्रंटने कापलेलं अंतर) वाढून येतो. शेजारच्या जारमध्ये तेच ग्लायसिन ०.२६ आणि आपल्याकडे ०.३३ आलं, तर आधी या ४५ मिनिटांची चौकशी करा.

स्पॉट देणं

सगळ्यात जास्त हात बसवावा लागतो तो इथे. म्हणून प्रत्येक बॅचला पहिली दहा मिनिटं मी फक्त टाकाऊ कागदावर स्पॉट द्यायला लावते.

कॅपिलरी बारीक ओढलेली असावी, टोक सपाट आणि न तुटलेलं. द्रावणात बुडवली की ती आपोआप भरते. टोक बाटलीच्या काठाला हलकंच लावून बाहेरचा थेंब काढा. मग कॅपिलरी कागदाला काटकोनात धरून फक्त टेकवा आणि लगेच उचला. दाबू नका, कागदाला भोक पडलं तर सॉल्व्हंट त्या जागेला वळसा घालून जातं आणि डाग चंद्रकोरीसारखा होतो. ओल पसरून सुमारे ३ मिमी झाली की थांबा. कोल्ड सेटिंगवरचा हेअर ड्रायर दुरून धरून वाळवा, मग त्याच मध्यावर पुन्हा टेकवा. प्रत्येक टेकवणीला साधारण १ मायक्रोलिटर जातं असं धरलं तर चार टेकवण्यांत ४ मायक्रोग्रॅम अमिनो आम्ल कागदावर आलं. निनहायड्रिनला एवढं पुरेसं आहे. गरम हवा लावायची नाही, तिने नमुना बिघडतो आणि कागदाला चिकटून बसतो.

एका वेळी मोठा थेंब टाकून वेळ वाचवावा असं वाटतं. तो थेंब ८ मिमी पसरतो, वर चढताना आणखी पसरतो, आणि ॲलॅनिन नि प्रोलिनसारखे शेजारी एकमेकांत मिसळतात. लहान स्पॉट आणि थोडा धीर यापेक्षा मोठी सुधारणा या प्रयोगात दुसरी कुठलीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्येक नमुन्याला नवी कॅपिलरी. अज्ञाताशेजारी त्याच कागदावर ज्ञात अमिनो आम्लं हवीतच, आणि एक जागा अज्ञात व ज्ञात एकत्र टाकण्यासाठी राखून ठेवा. अज्ञात ॲलॅनिन आहे असा संशय असेल तर तिथे अज्ञात आणि वर ॲलॅनिन असं टाका. शेवटी एकच गोल, नीट डाग आला तर संशयाला आधार मिळतो. जोड डाग किंवा लांबुळका डाग आला तर तो वेगळाच पदार्थ आहे. आणखी एक जागा फक्त विद्रावकासाठी, म्हणजे नमुना नसलेल्या १० टक्के आयसोप्रोपेनॉलसाठी. तिथे काहीही दिसायला नको.

जारमध्ये कागद

कागद काचेच्या दांडीला टांगा, किंवा गुंडाळून नळकांडं करा आणि कडा पांढऱ्या दोऱ्याने दोन-तीन टाक्यांनी जोडा. कडा एकमेकींना चिकटू देऊ नका, मधे थोडी फट हवी. स्टेपलर टाळा, आम्लात पिन गंजते आणि तिचा डाग पडतो. कागद भिंतीला किंवा लावलेल्या फिल्टर पेपरला लागला तर तिथूनही सॉल्व्हंट चढतं आणि फ्रंट एका बाजूने धावतो. झाकण क्षणभरच उघडायचं. जमलं तर कागद आधी तासभर सॉल्व्हंटला न लावता जारमध्ये नुसता टांगून ठेवा आणि मग खाली सोडा. म्हणजे कागदातली ओल आणि जारमधली वाफ यांचं जमतं.

त्यानंतर जार हलवायचा नाही. उन्हापासून आणि एसीच्या झोतापासून तो लांब ठेवा. ब्युटेनॉल घट्ट असल्याने १० सेंमी चढायला दोन ते चार तास लागतात, थंड खोलीत आणखी थोडे. तीन तासांच्या बॅचमध्ये हे बसवायचं असेल तर जार विद्यार्थी यायच्या आधीच भरून ठेवा. तेवढाही वेळ नसेल तर वर्तुळाकार पद्धत वापरा. गोल कागदाच्या मधोमध वातीने सॉल्व्हंट द्यायचं आणि डागांऐवजी कमानी मिळतात. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात या पद्धतीवर बरंच काम केलं. फक्त तिथले आरएफ सरळ कागदावरच्या आकड्यांपेक्षा मोठे येतात, त्यांची एकमेकांशी तुलना करू नका.

फ्रंट वरच्या कडेपासून दोनेक सेंमी खाली असताना कागद काढा आणि इतर काहीही करण्याआधी पेन्सिलने फ्रंट आखा. ब्युटेनॉलच्या बाबतीत थोडी सवड मिळते, पण पानातली रंगद्रव्यं पेट्रोलियम ईथर-ॲसिटोनमध्ये चालवत असाल तर मिनिटभरात फ्रंट दिसेनासा होतो. फ्रंट वाकडा असेल तर जसा आहे तसाच आखा.

रंग आणणं

कागद फ्यूम हूडमध्ये पूर्ण वाळू द्या, ॲसेटिक ॲसिडचा वास अगदी जाईपर्यंत. आम्ल राहिलं तर रंग असमान येतो. ॲसिटोनमधलं ०.२ टक्के निनहायड्रिन, म्हणजे १०० मिलीत ०.२ ग्रॅम, त्याच दिवशी करून तपकिरी बाटलीत ठेवा. २५-३० सेंमीवरून बारीक फवारा मारा. कागद ओला दिसला पाहिजे, पण ओघळ यायला नको, ओघळाबरोबर डागही वाहतात. फवारताना मोजे आणि मास्क हवेत. निनहायड्रिनने बोटं जांभळी झाली तर तो रंग काही दिवस धुऊन जात नाही.

ॲसिटोन पूर्ण उडाल्याशिवाय कागद ओव्हनमध्ये जाता कामा नये. ॲसिटोनची वाफ बंद, तापलेल्या ओव्हनमध्ये पेट घेऊ शकते, आणि या पायरीवर मी कुणालाही घाई करू देत नाही. मग १०५ अंश सेल्सियसला सुमारे पाच मिनिटं. दाराशी उभं राहून पाहा. आधी फिकट गुलाबी छटा येते, मग ती एकेका जागी गोळा होऊन जांभळी होत जाते. प्रोलिन पिवळं येतं, आणि हा रंगाचा फरक आकड्यापेक्षा जास्त उपयोगी ठरतो, कारण प्रोलिन आणि ॲलॅनिन उंचीने जवळजवळच असतात.

दिसताक्षणी प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिल फिरवा, सर्वांत गडद भागावर टिंब द्या आणि फोटो घ्या. हे डाग फिकट होत जातात. जास्त टिकवायचे असतील तर कॉपर नायट्रेटचं पातळ द्रावण फवारतात, जांभळा रंग लालसर होऊन पक्का बसतो.

मोजणं

आधाररेषेपासून डागाच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले आधाररेषेपासून फ्रंटपर्यंतचं अंतर. दोन्ही अंतरं आधाररेषेपासून, कागदाच्या कडेपासून नव्हे. समजा फ्रंट १०.४ सेंमीवर आहे. ग्लायसिन २.७ सेंमीवर, म्हणजे ०.२६. ल्युसिन ७.६ वर, म्हणजे ०.७३. अज्ञात ४.० वर आला, ०.३८. या सॉल्व्हंटमध्ये ॲलॅनिन सहसा इथेच असतं. फ्रंट वाकडा असेल तर प्रत्येक रांगेसाठी फ्रंटचं अंतर त्याच डागाच्या सरळ वर मोजा. आकडा दोन दशांशांपर्यंतच लिहा, मिलिमीटरच्या पट्टीतून तिसरा दशांश निघत नाही.

पुस्तकातल्या आरएफशी जुळवाजुळव करू नका. तापमान, कागद, वाफ, दिशा यांच्यासोबत आकडा हलतोच. तुलना त्याच कागदावरच्या ज्ञात नमुन्याशी करायची. आणि ल्युसिन की आयसोल्युसिन असा प्रश्न आला तर या सॉल्व्हंटमध्ये ते वेगळे होत नाहीत, असंच जर्नलमध्ये लिहा. तेच खरं उत्तर आहे आणि त्याचे मार्क कापले जाऊ नयेत.

बिघाड ओळखताना

शेपटी आली तर नमुना जास्त पडला किंवा त्यात मीठ होतं. डागच नाहीत आणि तळाचं सॉल्व्हंट निनहायड्रिनने जांभळं होतं, तर आधाररेषा बुडली होती. सगळे डाग एकाच बाजूला झुकले तर कागद तिरका टांगला गेला. एकही डाग नाही, पण अंगठ्याचा ठसा मात्र आहे, तर निनहायड्रिन ठीक आहे, नमुना पोचलेला नाही. ज्ञात अमिनो आम्लाचेच दोन डाग आले तर बाटलीत कुणीतरी वापरलेली कॅपिलरी बुडवली आहे. ती बाटली त्याच दिवशी टाकून द्या.

जर्नल

औषधं आणि रसायनांच्या सुरक्षितता चाचण्यांसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची जीएलपीची, म्हणजे चांगल्या प्रयोगशाळा पद्धतीची, नियमावली आहे, आणि भारतात तिची तपासणी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाअंतर्गत असलेलं राष्ट्रीय प्राधिकरण करतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेला ती लागू नाही, पण तिचा गाभा आपल्याला आजच उचलता येतो: जे केलं ते त्याच वेळी, शाईने, खाडाखोड न करता लिहायचं. तारीख, खोलीचं तापमान, कागदाचा प्रकार व दिशा, सॉल्व्हंटचं प्रमाण, जार किती वेळ बंद होता, कागद कधी ठेवला, कधी काढला, आणि मग अंतरं. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, खालचा वाचता आला पाहिजे, शेजारी सही करा. चिठोऱ्यावर लिहून घरी उतरवलेल्या जर्नलवर मी सही करत नाही. एकदा अशाच उतरवलेल्या वहीत सहा विद्यार्थ्यांचं तापमान हुबेहूब सारखं होतं आणि त्या दिवशी खोलीतला थर्मामीटर फुटलेला होता.

कागद जर्नलमध्ये चिकटवताना फक्त वरची कड चिकटवा आणि वर बटर पेपर ठेवा, म्हणजे समोरच्या पानावर रंग उतरत नाही.

वापरलेलं सॉल्व्हंट सिंकमध्ये ओतायचं नाही. सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत घाला आणि बाटलीवर त्यात काय काय आहे ते लिहा. भिंतीला लावलेला फिल्टर पेपर फ्यूम हूडमध्ये वाळवून टाका. जार पाण्याने, मग थोड्या ॲसिटोनने धुऊन उपडा ठेवा. झाकणाचं जुनं ग्रीस आजच पुसून काढा. उद्याच्या बॅचला झाकण नीट बसलं नाही तर त्यांची ४५ मिनिटं वाया जातील.